गुरुजींनी दिलेली दोन वर्षं

"वय?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्रेचाळीस," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. आधार कार्डावर, पॅन कार्डावर, दहावीच्या सनदेवर आणि माझ्या सेवापुस्तकात हेच वय निघतं. जन्मतारीख एक जून. पण डॉक्टरांनी तो आकडा लिहून घेतला तेव्हा मी भिंतीकडे बघू लागले, कारण मला पंचेचाळीस पूर्ण होऊन चार महिने झाले होते. शेजारच्या खुर्चीत फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या नवऱ्याला हे माहीत नव्हतं.

जालना रोडवरचा तो दवाखाना. भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो. असे फोटो लावणाऱ्यांना एकदा तिथं तासभर बसवून ठेवलं पाहिजे, म्हणजे कळेल. डॉक्टर मात्र भला माणूस होता. त्यांनी एकेक रिपोर्ट शांतपणे बघितला. एक गर्भनळी काढलेली. दुसरी आहे, पण धड नाही. बीजं किती उरली याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी असते, तिचा आकडा इतका लहान होता की त्यांनी तो मोठ्यानं वाचलाच नाही. त्याच्याभोवती पेनानं गोल केला आणि पेन ठेवून दिलं.

"त्रेचाळीसच्या मानानं फारच कमी आहे," ते म्हणाले. "स्वतःच्या बीजावर आयव्हीएफ करायचं तर एक प्रयत्न करून बघू. एकच. न होण्याचीच शक्यता जास्त, हे आत्ताच सांगतो. पंचेचाळीसच्या पुढं तर मी करतच नाही. बाईला उगाच त्रास होतो आणि हाती काही लागत नाही. तुमच्याकडे अजून थोडा वेळ आहे. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी या, सगळे फॉर्म भरू आणि इंजेक्शनं सुरू करू. तोवर दोघं विचार करा."

दुसऱ्या बाईचं बीज घेऊन करता येतं, तेही त्यांनी सांगितलं. त्याचा विचार आम्ही दोघांनी आधीच करून झाला होता आणि नको असं ठरलं होतं. का ते इथं सांगत बसत नाही. ज्या बाया करतात त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांची लेकरं त्यांचीच असतात. मला मात्र जे हवं होतं ते हवं होतं. मी हट्टी आहे, ऑफिसात कुणालाही विचारा.

एक जूनबद्दल आमच्या भागातल्या माणसाला काही सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या वेळी वैजापूर तालुक्यातल्या खेड्यात जन्माची नोंद कोण करतं? पोरगं चालायला, बोलायला, गुरं हाकायला लागलं की बाप त्याला धरून शाळेत नेई. गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून जन्मतारीख एक जून, आणि साल गुरुजींच्या मर्जीनं. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एका दिवशी. आता तहसील कार्यालयात, जिथं मी कारकून आहे, दर एकतीस मेला निरोप समारंभांची रांग लागते आणि हार कमी पडतात.

मला शाळेत न्यायला उशीर झाला. धाकटा भाऊ रांगता होता, माय शेतात जायची, मग त्याला सांभाळायला घरात कोण? मी. दोन वर्षं मी त्याला कडेवर घेऊन हिंडले. त्यानंतर दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला शाळेत नेलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. माझा हात डोक्यावरून कान ओलांडून पार मानेपर्यंत पोचला. गुरुजी हसले.

"पोरगी मोठीये," ते म्हणाले. "पर सहाच लिवतो. हुशार दिसती. उद्या सरकारी नोकरी लागली तं दोन सालं जास्तीची भेटतील."

दादा खूश होऊन घरी आले. आणि गुरुजींचं खरं झालं, नोकरी लागली. माझ्याच वयाच्या बायका निवृत्त होतील तेव्हा मी दोन वर्षं आणखी टेबलावर बसलेली असेन. ती दोन वर्षं सरकारनं मला दिली. माझ्या अंगानं नाही दिली, हे मला डॉक्टरांसमोर बसल्यावर कळलं.

खरं वय मला पक्कं ठाऊक होतं, कारण माझी मामेबहीण शहरातल्या सरकारी दवाखान्यात जन्मली आणि तिच्याकडे जन्माचा दाखला आहे, तारीख-वारासकट. माय लहानपणापासून सांगत आलेली, "तिच्याहून तू पाच महिन्यांनी मोठी. तिच्या बारशाला तुला मांडीवर घिऊन गेलते म्या." यापेक्षा पक्का पुरावा काय हवा? लग्न ठरलं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, कागदावर सव्वीस. मायनं बजावलं, दोन सालाचं कुठं बोलायचं नाही. मी बोलले नाही. नवऱ्याचीही जन्मतारीख एक जूनच. पत्रिका बघायचा प्रश्नच आला नाही, कोणत्या तारखेवर मांडणार? दर एक जूनला आम्ही राहतो त्या पडेगावच्या बेकरीतून एकच केक आणतो आणि दोघं मिळून कापतो. लिहिताना मी त्याला अरे-तुरे करते आहे. तोंडावर अहोच म्हणते.

लग्नानंतर आठ वर्षं काहीच नाही, आणि मग एकदाची राहिले. कुणाला सांगायचं नाही, तीन महिने होऊ द्या, असं सासूबाईंनी सांगितलं, म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं. मी रोजच्यासारखी पडेगावच्या फाट्यावरून वैजापूरची बस धरली. लासूरच्या अलीकडे पोटात अशी कळ आली की मी सीटवरून खाली गेले. गर्भ नळीत अडकला होता आणि नळी फुटली होती. तेव्हा शेजारी बसली होती ती एक उर्दू शाळेतली शिक्षिका. रोज एकाच बसला असायचो, पण तोवर आमची ओळख "सरका जरा" एवढीच होती. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि चालकावर अशी ओरडली की त्यानं मधले थांबे सोडून प्रवाशांनी भरलेली बस सरळ दवाखान्याच्या दारात नेली. नवरा कामावरून धावत आला तेव्हा मला आत घेत होते. "जिवाचं काही सांगता येत नाही" अशा कागदावर त्यानं सही केली. ती सही करताना हात इतका कापत होता की नाव ओळखू येत नव्हतं, असं नंतर ती शिक्षिका म्हणाली.

मी वाचले. एक नळी गेली. आणि माझा नवरा घाबरला तो घाबरलाच. "पुढच्या वर्षी बघू," तो म्हणायचा. पुढच्या वर्षीही तेच. मी चिडायचे, रडायचे, मग कामाला लागायचे. अशी सात वर्षं गेली. मी हे विसरलेले नाही. शेवटी गेल्या दोन वर्षांत मीच त्याला ओढून नेलं, साधे उपचार तीनदा केले, तिन्ही वेळा पाळी आली. आता हा शेवटचा रस्ता उरला होता, आणि तो त्रेचाळीस वर्षांच्या बाईसाठी होता.

डॉक्टरांनी विचार करा म्हटलं होतं. मला विचार करता येत नव्हता. त्या दिवसांत मी काय झाले होते ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. ऑफिसात जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज घेऊन एखादी बाई आली आणि तिच्या कडेवर तान्हं असलं की मी फाइलीत डोकं खुपसायचे. एकदा एका बाईच्या चार पोरांची नावं रेशन कार्डावर चढवताना माझा हात थांबला आणि मी तिच्यावर ओरडले, "चारचार कशाला लागतात गं?" ती घाबरून बघत राहिली. मी उठून मागच्या खोलीत गेले, दार लावलं, तोंडात ओढणी कोंबली आणि रडले. जाऊबाईंच्या मुलीचे लहानपणीचे स्वेटर मी आमच्या कपाटात तेरा वर्षं जपून ठेवलेत. का, तर उपयोगी पडतील म्हणून. ती मुलगी आता अकरावीला आहे.

त्या शिक्षिकेला मी बसमध्ये सांगितलं. आता ती माझी सर्वांत जवळची मैत्रीण आहे. वयानं लहान, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणते. मी वयाची गोष्ट सांगितली तर आधी हसलीच.

"अरे, मेरी भी एक जून है ना! मेरी अम्मी कू तो मेरा साल भी याद नइं." मग गंभीर झाली. "देखो बाजी, डॉक्टर ने कागज पूछा, तुमने कागज बोला. अपन कायकू जास्ती बोलना? अल्ला का नाम लेके कर डालो."

"आणि नाहीच झालं तर?"

"तो नहीं हुआ. किए बगैर बैठोगे तो जिंदगी भर मन में रहेगा."

मला हेच ऐकायचं होतं. पण लासूर आलं तसं तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "बस, वो दिन के जैसा नक्को होना," ती म्हणाली. मी खिडकीबाहेर कांद्याच्या गाड्या बघत बसले.

नवऱ्याला सांगायचं की नाही, यावर चार दिवस घातले. शेवटी एका संध्याकाळी तो अंगणात स्कूटर धूत होता, तिथं जाऊन उभी राहिले.

"अहो, मी त्रेचाळीसची नाही. पंचेचाळीसची आहे. पंचेचाळीस पूर्ण."

"आँ?"

गुरुजी, कान, दोन सालं, मामेबहीण, सगळं सांगितलं. तो ओल्या हातानं ऐकत राहिला.

"म्हणजे लग्नात तू..."

"अठ्ठावीस."

"बरंय," तो म्हणाला. "मीपण कागदापेक्षा नऊ-दहा महिन्यांनी मोठाच आहे म्हणतात." मला वाटलं होतं तो चिडेल, सतरा वर्षं लपवलं म्हणेल. भांडायची माझी पूर्ण तयारी होती, चार वाक्यं पाठसुद्धा करून ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "डॉक्टरला सांगायचं नाही का मग?"

"नाही."

"त्यांनी सांगितलं ना, पंचेचाळीसच्या पुढं..."

"ऐकलंय मी. बहिरी नाहीये. नाही सांगायचं."

"हं," तो म्हणाला आणि चाक पुसायला लागला. त्याच्या या 'हं'नं माझा अर्धा जन्म खाल्लाय.

पण खरं सांगायचं तर मलाच ते झेपत नव्हतं. रोज पोटात इंजेक्शन टोचून घ्यायचं, भूल घ्यायची, बीज काढायचं, आणि हे सगळं करताना आतून माहीत असणार की डॉक्टर ज्या बाईवर उपचार करताहेत ती बाई मी नाही. उपचार फसला तर वाटत राहणार, मीच खोटं बोलले म्हणून फसला. आणि मला कुठं काही झालं तर? मला कुणीतरी सांगायला हवं होतं की नाही गं, तुझा हिशेब चुकलाय, तू लहानच आहेस. असं सांगू शकणारं एकच माणूस जिवंत होतं. म्हणून रविवारी मी मायकडे गावी गेले.

माय ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आता ती थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण डोकं अजून तल्लख. मी तिच्याजवळ बसून शेंगा सोलायला लागले आणि बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, कोणती इंजेक्शनं, पंचेचाळीसच्या आतच का. आणि मग विचारलं, "माय, मी नक्की किती सालाची गं?"

वीस वर्षं तहसीलमध्ये काढलेल्या बाईची ही अक्कल! साक्षीदाराला आधी कारण सांगितलं, कोणतं उत्तर हवंय ते सांगितलं आणि मग प्रश्न विचारला.

माय थांबली. हातातली शेंग तिनं सुपात ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं, तिला जेवढं दिसतं तेवढं.

"गुरुजीनं बराबरच लिवलंय," ती म्हणाली. "तिरचाळीस."

"आणि मामाच्या पोरीचं बारसं? मला मांडीवर घेऊन गेली होतीस ना?"

"ते तिच्या धाकल्या बहिणीचं बारसं. तिच्या बारशाच्या वक्ताला तू कुठं होती? तू तिच्याहून ल्हान."

"माय, आजवर तू..."

"आजवर इसरले आसंल म्या. म्हतारी झाले. आता याद आलं."

"खरं सांग."

तिनं लुगड्याला हात पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "तुझी आन," ती म्हणाली. "तिरचाळीस. जाय, घे सुया टोचून."

माझी माय साधी नाही. दुधात पाणी घालणाऱ्याला ती तोंडावर चोर म्हणते. तिच्या लेखी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं तर ते त्या लेकरालाच भोवतं. भावाच्या लहानपणी शेजारणीनं अशी खोटी शपथ घेतली होती, तर मायनं तिच्याशी बोलणं सोडलं ते कायमचं. तिच्या हाताला तुरीच्या शेंगांचा वास येत होता आणि तो हात माझ्या डोक्यावर जडावला होता. ती खोटं बोलत होती हे मला त्याच क्षणी कळलं. तरी मी म्हणाले, "बरं." आणि तिच्या पायाला हात लावून निघाले.

त्यानंतर दोन दिवस मी त्रेचाळीसची होते. हसू नका. मायनं आन घेतली होती, आणि माय कधी खोटी आन घेत नाही, म्हणजे मी त्रेचाळीसची. असा सरळ हिशेब मी मनाशी मांडला आणि त्याच्यात राहायला गेले. नवऱ्याला सांगितलं, "माय म्हणते, मी बरोबर त्रेचाळीसची. आपलंच चुकत होतं."

"आन घेतली?"

"घेतली. डोक्यावर हात ठेवून."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा 'हं' केलं.

मग पाळी आली. सतरा वर्षांत पहिल्यांदा मला तिचा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, डोक्यावरून अंघोळ केली, देवाला दुरूनच नमस्कार केला आणि आम्ही स्कूटरवर निघालो. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा खांदा ताठ होता.

दवाखान्यात सिस्टरनं फॉर्म पुढ्यात घेतले. डॉक्टर समोरच बसले होते. नाव, पत्ता, लग्नाला किती वर्षं, आधी कोणती शस्त्रक्रिया, असं एकेक विचारत ती भरत होती. मी उत्तरं देत होते. आधार कार्डाची प्रत तिच्यापुढं होती, त्यामुळे वयाचा रकाना तिनं विचारायच्या आतच भरायला घेतला. "त्रेचाळीस पूर्ण ना?" ती लिहिता लिहिता म्हणाली.

"नाही," नवरा म्हणाला. "पंचेचाळीस."

सिस्टरचं पेन थांबलं. मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो खुर्चीच्या टोकावर आला होता आणि जमिनीकडे बघत बोलत होता, एरवी दुकानदाराशीही दोन वाक्यं न बोलणारा हा माणूस.

"साहेब, कागदावर त्रेचाळीस आहे. शाळेत कमी लिहिलं होतं. पंचेचाळीस पूर्ण होऊन चार-पाच महिने झालेत. तुम्ही म्हणाला होता ना, त्रास होतो म्हणून. हिला आधी एकदा... मी सही केली होती साहेब तेव्हा. मला परत तशी सही नाही करायची."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "खरं आहे का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी नाही म्हणू शकत होते. माझ्याकडे आधार कार्ड होतं, सनद होती, मायची आन होती. नवऱ्याकडे काय होतं? नुसती ऐकीव गोष्ट. मी नुसती मान हलवली असती तरी माझंच खरं ठरलं असतं आणि दुपारी पहिलं इंजेक्शन पोटात गेलं असतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"हो," मी म्हणाले. "खरं आहे."

त्याला प्रामाणिकपणा वगैरे कुणी म्हणू नका. मी थकले होते. त्रेचाळीस धरून ठेवायची ताकद संपली होती, एवढंच. आणि त्याचे हात मांडीवर ठेवलेले असूनही कापत होते, ते मला दिसत होते.

डॉक्टरांनी फॉर्म हळूच आपल्याकडे ओढून घेतला. रिपोर्ट बघून आपल्यालाही शंका होतीच, असं ते म्हणाले. स्वतःच्या बीजावर आता नको, तुमच्या तब्येतीला ते बरं नाही, असंही म्हणाले. दुसऱ्या मार्गाबद्दल त्यांनी पुन्हा एकदा समजुतीनं सांगितलं. मी ऐकत होते आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. सिस्टरनं पाण्याचा ग्लास पुढं केला. मी तो घेतला, प्यायले आणि थँक्यू म्हणाले. अशा वेळीसुद्धा माणूस थँक्यू म्हणतं.

खाली पार्किंगमध्ये आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले.

"सात वर्षं! सात वर्षं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी केलंत. तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही. आणि आज निघाला? आजच?"

"व्हय," तो म्हणाला.

"व्हय काय? मला विचारलंत का? माझं अंग, माझी पाळी, माझ्या पोटात सुया. तुम्ही कोण सांगणारे?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"चुकलं ते सात वर्षांत चुकलं," तो म्हणाला. "माझंच चुकलं. तेव्हा भीती वाटली, आजपण भीतीच वाटली. दुसरं काही नाही." तो स्कूटरच्या हँडलला धरून उभा होता. मला वाटलं होतं तो माझ्याशी भांडेल, स्वतःची बाजू मांडेल. त्यानं मांडली असती तर माझा राग टिकला असता. वॉचमन आमच्याकडे बघत होता, मग तो दुसरीकडे बघायला लागला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. माय. भावाच्या फोनवरून. सकाळपासून ती उपाशी बसली असणार हे मला माहीत होतं.

"काय म्हणला गं डाक्टर?"

"नाही म्हणाले, माय. नाही होणार."

"कामून?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती बोलली, आणि मी तिचा असा आवाज दादा गेले तेव्हाही ऐकला नव्हता.

"म्या खोटी आन घेतली," ती म्हणाली. "तुझ्या डोक्यावर हात ठिवून खोटी आन घेतली म्या. म्हणून झालं हे. म्याच खाल्लं गं तुझं लेकरू."

"माय, गप. असं काही नसतं."

"नसतं कसं? मला कळत नाय व्हय? आय असून पोरीच्या डोक्यावर..."

"माय, ऐक. खोटी कुठं होती? ऐक तर माझं. डॉक्टरांनी आज मशीनवर वय तपासलं. त्रेचाळीसच निघालं."

ती रडायची थांबली. "मशीनवर कळतं?"

"कळतं. सगळं कळतं आता. तू सांगितलंस तेवढंच निघालं. अगदी बरोबर."

"मंग नाय कामून म्हणला त्यो?"

"बीजंच राहिली नाहीत म्हणाले. एखादीचं होतं तसं. वयाचं काही नाही, आणि तुझ्या आनेचं तर काहीच नाही."

"खरं?"

"खरं, माय."

"घे माझी आन."

"तुझी आन," मी म्हणाले.

तिनं नाक ओढलं. घरात कुणाला तरी म्हणाली, तिरचाळीसच निघालं गं, म्या म्हणलं नव्हतं का. मग मला म्हणाली, दोघं जेवून घ्या, उन्हाचं फिरू नका. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.

नवऱ्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. मी त्याच्या समोर उभी राहिले.

"आपल्याला मूल होणार नाही," मी म्हणाले.

सतरा वर्षांत हे वाक्य आमच्या दोघांपैकी कुणीही उच्चारलं नव्हतं. सगळे होईल म्हणायचे, आम्हीसुद्धा होईल म्हणायचो.

"नाही होणार," तो म्हणाला, आणि त्यानं स्कूटरवर ठेवलेली फाइल उचलून माझ्या हातात दिली, कारण मागं बसून ती मीच धरायचे.